मावळतीकडची ताटी

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. विचारणारे कमी नव्हते. अद्भुत गोष्टी लिहिणारा म्हणून अमरावतीत मला लोक ओळखतात. खरं म्हणजे मला ओळखत नाहीत, माझ्या वेलकाप्याला ओळखतात. हातात कोयता, डोळ्यांच्या खोबणीत रुईचे बोळे, आणि पाताळातल्या हिरव्या राज्यावर दर गोष्टीत चालून येणारा तो राक्षस. पोर जेवत नसलं की आया त्याचं नाव घेतात. हा तुम्हाला सुचला कुठून, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, कल्पना. त्या शब्दाच्या आड माणूस सहज लपतो.

परवा एका शाळकरी मुलीने मात्र निराळंच विचारलं. वडिलांबरोबर आली होती. म्हणाली, "आबाजी, तुमच्या पाताळात सगळे अनवाणी काहून चालतात? राजा बी?"

माझ्याजवळ उत्तर होतं. ते मी दिलं नाही. ती गेल्यावर खिडकीतून चैत्राचा वारा आत आला, कोरडा, तापल्या तव्यावरून उठल्यासारखा. कापसाच्या जिनातल्या रुईचा एक पुंजका त्याच्याबरोबर आला आणि दौतीच्या तोंडावर बसला. असल्या वाऱ्याने माझ्या छातीतला जुना राग पेटतो. दर चैत्रात पेटतो, पिकल्या वयातही. तो कुणाकुणावर पेटत आला आणि कुणावर पेटायला हवा होता, ते आता लिहून ठेवतो.

हिवरखेडच्या अंगाला आमचा पानमळा होता. ज्याने पानमळा आतून पाहिला नाही त्याला तो कसा सांगावा? बाहेर वऱ्हाडचं ऊन, भेगाळलेली काळी जमीन, डोळे मिटायला लावणारा उजेड. मळ्याभोवतीच्या ताटीची, म्हणजे तुराट्यांच्या कुडाची, झापडी सरकवून आत पाऊल टाकलं की एकदम पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. शेवरीच्या नि पांगाऱ्याच्या उंच, सडपातळ ओळी, प्रत्येकीला बिलगून चढलेली नागवेल, वर पानांचं छत. पाटातलं पाणी पायांना लागायचं आणि पानांचा तिखटसर वास नाकात चढायचा. आतला उजेडही हिरवा. आवाजसुद्धा हिरवा आहे असं मी म्हणायचो, आणि माय हसायची. मळ्यात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या हा आमच्या पानवाल्यांचा नियम. मळा ही नागाची ठेव. तिथे राजा आला तरी त्याने अनवाणीच यावं.

माझा बाप मला आठवत नाही. त्याच्या वाट्याचा अर्धा मळा मावळतीकडे होता, तो आता मायचा आणि माझा. उगवतीकडचा अर्धा आणि विहीर बापाच्या थोरल्या भावाची. त्याचं नाव नथ्थूजी, मी मोठेबाबा म्हणायचो. वाटण्या तोंडी होत्या. मळा एकच होता आणि त्यात राबायचे एकटे मोठेबाबा. वेल लव्हाळ्याने शेवरीला बांधताना त्यांची जाड बोटं अशी चालायची की एखादी बाई तान्ह्याला कुंची बांधते आहे असं वाटावं.

आमच्या घरात बायका मळ्यात शिरत नसत. माय झापडीबाहेर शेवग्याखाली बसायची. खुडलेली पानं मी आणून द्यायचो, ती लहानमोठी निवडायची, ओल्या फडक्यात रचायची. मळ्याच्या इतक्या जवळ तिचा जन्म गेला आणि आतून मळा तिने एकदाही पाहिला नाही. ती मला विचारायची, आत आज काय पाह्यलं? मी सांगायचो, एक वेल दुसऱ्या शेवरीवर गेली, बेडकी होती, तिसऱ्या ओळीत अंधार होता. एवढ्यावर तिची गोष्ट सुरू व्हायची. त्या अंधारात नागाची लेक राहते. तिने आपली करंगळी कापून माणसाला दिली, ती पुरली तिथे वेल आली. म्हणून या वेलीला फूल नाही की फळ नाही, करंगळीला कधी फूल येतं का? विहिरीत साती आसरा भर दुपारी लुगडी धुतात, म्हणून दुपारी मोट बंद. ताटीपलीकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात चकवा बसलेला असतो. त्याने धरलेला माणूस दिवसभर चालतो आणि पुन्हा त्याच धुऱ्यावर, त्याच बांधावर येतो.

ऐकलेलं घेऊन मी पुन्हा आत जायचो, आणि मघाशी न दिसलेलं मला आता दिसायचं. नंतर शहाण्या लोकांनी मला विचारलं की अद्भुत कसं लिहावं. मी मोठमोठी उत्तरं दिली. खरं उत्तर एवढंच होतं की एक बाई दाराबाहेर बसलेली असावी, तिला आत जायची बंदी असावी, आणि तिच्याजवळ एक पोर असावं.

मग कापूस आला. आधीही होताच, पण दूरच्या कुठल्या मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आमच्या काळ्या मातीला अचानक शिंगं फुटली. अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग तुटेना. गवताने शाकारलेल्या घरांवर कवेलू चढले. बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं आली. ज्याने जन्मभर ज्वारी पेरली तो ज्वारीला हसायला लागला. एका शेतकऱ्याने गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली अशी आवई उठली. ती चाकं कुणी पाहिली नव्हती, पण वर्णन सगळे करत. बार्शीटाकळीचा माझा मामा येऊन मायला म्हणाला की अकोल्याला शाळा आहे, पोराला ठेव, खर्च मात्र तुझा. माय त्या दिवशी पानं निवडताना लहानमोठी मिसळत होती.

आता एक रीत सांगावी लागते. आमच्यात बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. पदर ओढून दाराआड उभी राहते आणि मधल्या पोराला म्हणते, सांग. तोही पोरालाच म्हणतो, सांग. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतं, तरी पोराने सांगितल्याशिवाय ते ऐकलं असं होत नाही. आमच्या घरात ते पोर मी होतो. पोपटासारखा इकडून तिकडे वळायचो.

त्या संध्याकाळी मोठेबाबा ओट्यावर होते, विहिरीवरून नुकतेच आलेले. माय दाराआड. बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती आणि माझा डाव यायचा होता.

माय म्हणाली, "सांग तुह्या मोठ्याबाबाले, पोराले शिकवाचं हाय. आमच्या वाटनीचं मोकळं करा, कापूस लावा म्हना."

मी सांगितलं. मोठेबाबा बराच वेळ पायाची माती काढत राहिले. मग अगदी हळू, जवळजवळ माझ्या कानात म्हणाले, "सांग, इचार कर म्हना. मावळतीचा वारा लागला तं दुसरी बाजू बी टिकत नाई. मळा अर्धा जगत नाई म्हना."

मी मायकडे वळलो आणि म्हणालो, "मोठेबाबा म्हनतात, इचार कर." बाकीचं लांब होतं. बाहेर माझ्या नावाने ओरडत होते.

"केला म्हना इचार," माय म्हणाली.

हे मी पोहोचवलं आणि पळालो. पाठीमागे मोठेबाबा "बरं" म्हणाले. कुणाला, कोण जाणे.

फाल्गुन सरताना एका सकाळी मी झापडी सरकवली तर आत ऊन होतं. मोठेबाबा कोयता घेऊन माझ्या बापाच्या ओळी तोडत होते. आधी मला वाटलं वेली उतरवताहेत, दरसाल वेल खाली उतरवून मातीत निजवतात तशा. पण वेली पाटात पडत होत्या आणि ते त्यांच्यावरून पुढे जात होते. मी जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारली. त्यांनी कोपराने ढकललं आणि मी चिखलात पडलो. त्यांचं तोंड मी पाहिलं नाही, फक्त पाठ पाहिली. पुढे जन्मभर मी ती पाठ लिहिली. बाहेर शेवग्याखाली माय रडत होती. त्या दिवसापासून तिने मला आत काय पाह्यलं असं विचारलं नाही. विचारणार तरी काय? तिच्या गोष्टी तिथे संपल्या.

गावाने मोठ्याबाबांना विचारलं, विधवेच्या वाट्याचा मळा का तोडला? ते म्हणाले, माह्या मनात आलं. एवढंच.

मीच नेलेल्या निरोपातलं 'मोकळं करा' म्हणजे हे, ते मला सुचलंच नाही. मी चिखलात बसून ठरवलं की याचा सूड घ्यायचा. मुलं ठरवतात आणि विसरतात म्हणे. मी विसरलो नाही. माझ्या रागाला शेवरी मिळाली होती आणि तो चढत गेला.

तोडलेल्या कडेला मोठ्याबाबांनी नवी ताटी उभी केली. तुराट्यांचा कूड, मधे पळसाची पानं, अंबाडीच्या वाखाने घट्ट बांधलेली, माणसापेक्षा उंच. मावळतीचा वारा आता थेट उरलेल्या मळ्यावर येत होता. दुपारभर ते घागरी आणून ताटीवर पाणी मारत. ताटी ओली राहिली की आतली पानं तग धरायची. मी लांबून पाहायचो. एकटा माणूस उन्हाशी भांडतो आहे हे पाहून मला गंमत वाटायची.

मग पानांचे करंडे घेऊन ते अकोल्याला गेले. ताटीवर पाणी मारायला त्या दिवसांपुरता ठेवलेला गडी होता, पण भर दुपारी साती आसरांच्या भीतीने तो विहिरीपाशी फिरकत नसे. भर दुपारी मी गेलो. मला भीती वाटत होती, पण आसरा माझ्या बाजूच्या आहेत असंही वाटत होतं. त्यांची सावली त्याने तोडली होती ना. मी ताटीच्या गाठी सोडल्या. तोडल्या नाहीत, एकेक करून सोडल्या. दातांनी सैल केल्या, वाख तोंडात खारट लागत होता. ताटी जरा हलली, वाऱ्याने तिला ओळखलं, आणि ती आडवी झाली.

यातलं काही मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही. मला कळत होतं. माझं गेलं, तुझंही जाऊ दे.

चार दिवसांनी मोठेबाबा आले तेव्हा मळा जळालेल्या कागदासारखा झाला होता. हात लावला की पान चुरायचं. ते ताटीपाशी उकिडवे बसले आणि वाखाचा एक शेंडा उचलून पाहत राहिले. ज्याने जन्मभर गाठी मारल्या त्याला तुटलेला वाख आणि सोडलेला वाख यातला फरक कळतो. त्यांनी मान वर केली. मी शेवग्यापाशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेंडा खाली ठेवला आणि वहाणा घालून घरी गेले. मळ्याच्या जागेत त्यांना वहाणा घातलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

गावाने आपला अर्थ लावला. नथ्थूलाही कापसाचं वेड लागलं, ताटी त्यानेच गड्याकडून पाडवली, भावजयीचा तोडून झाला आता स्वतःचाही मोकळा केला. पाणवठ्यावर बायका म्हणत, नाग सोडणार नाही याला.

त्या हिवाळ्यात तिथे पऱ्हाटी फुटली. वेचणीच्या आधी बायकांनी धुऱ्यावर सात दगड मांडले, चुना लावला, दहीभात शिंपडून सीतादही केली. आता या वावरात मायला कुणी अडवत नव्हतं. ज्या जागी ती कधी पाऊल ठेवू शकली नाही तिथे ती ओटी बांधून कापूस वेचत होती. सगळीकडे पांढरं, सावली कुठेच नाही. समोरून मोठेबाबा बोंडांतून आले, भुवयांवर, पापण्यांवर रुई चिकटलेली, डोळे त्यामागे दिसेनात. माझा वेलकाप्या त्या क्षणी जन्मला. लोकांना पटणार नाही, पण मला आनंद झाला. आपल्याला एक राक्षस सापडला आहे, आणि तो कायम आपला राहणार, हे त्या वयातही कळलं.

लढाई संपली, भाव बसला, घुंगरांची गाणी झाली आणि संपली. माझी शाळा मात्र झाली. अकोला, मग अमरावती. मी लिहायला लागलो आणि पहिल्याच गोष्टीत वेलकाप्याला आणलं. त्याला नागाच्या फौजेकडून आंधळा केला. पुढच्या गोष्टींत रुई गिळायला लावून फोडला, विहिरीत आसरांकडून बुडवला, चकव्याच्या हाती देऊन एकाच धुऱ्यावर युगानुयुगं फिरवला. दर वेळी तो पुन्हा जिवंत व्हायचा, कारण मला तो पुन्हा मारायचा असायचा. लोकांना माझ्या गोष्टींचा वेग आवडायचा. तो वेग सुडाचा होता.

पहिली गोष्ट छापून आली तेव्हा मी ती मायला वाचून दाखवली. ती वाती वळत होती. शेवटी म्हणाली, "राक्षस ओयखला मी."

मी खूश झालो. "बरा सापडला ना?"

"कोयता माहा होता, किसना," ती म्हणाली. "हात त्याचा. अन् तोंड तुहं. तूच तं सांगतलं त्याले." मग वात बाजूला ठेवून म्हणाली, "एक बाजू गेली तं दुसरी जाते हे मले कोनं सांगतलं असतं, तं म्या काहून म्हनली असती? त्यानं बी सांगतलं नाई. आता सोड त्याले."

त्याने सांगितलं होतं. ओटा, पायाची माती, बाहेरची हाक, सगळं मला दिसलं. मायला मी तेव्हाही काही सांगितलं नाही. तिने ताटी वाऱ्याने पडली असंच मानलं आणि ते तसंच घेऊन ती गेली.

आणि वेलकाप्याला मी सोडलं नाही. दुसरी गोष्ट लिहिली, मग तिसरी. मायवर राग धरता येत नव्हता, स्वतःवर धरवत नव्हता, आणि रागाशिवाय माझी लेखणी चालत नव्हती. गोष्टी हिवरखेडला पोहोचल्या. शाळेचे मास्तर पारावर बसून वाचून दाखवत. कोयता, पानमळा, रुई. ओळखायला कितीसा वेळ लागतो? मोठेबाबा गल्लीतून निघाले की पोरं भिंतीआडून ओरडत, वेलकाप्या आला.

आमच्यात लग्नात घरातला जुना माणूस पाहुण्यांना स्वतःच्या हातचा विडा देतो. पानमळेवाल्याचा तेवढा एकच मान. मोठ्याबाबांच्या नातवाच्या लग्नात मी लोडाशी बसलो होतो, लेखक म्हणून. ते विड्यांचं ताट घेऊन आले. पहिल्याच पाहुण्याने हात मागे घेतला आणि हसत म्हणाला, "वेलकाप्याच्या हातचं पान खाऊन आमची बाग वाळवाची का, बापा?" हशा पिकला. दुसऱ्याने घेतलं नाही, तिसऱ्यानेही नाही. ताट तसंच भरलेलं घेऊन ते आत गेले. माझ्यापर्यंत ते आलेच नाहीत. मला बरं वाटलं. सगळं ठाऊक असूनही बरं वाटलं, आणि हे वाक्य खोडायचं नाही असं ठरवून मी आज बसलो आहे.

ते फार थकल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. असाच चैत्र होता. ते ओट्यावर होते, डोळ्यांत मोतीबिंदू, पांढरे. मी लिहिले होते तसेच डोळे. आवाजावरून त्यांनी ओळखलं. मी समोर बसलो. पाताळभर राक्षसांना ओळीने बोलायला लावणारा मी, एका म्हाताऱ्यापुढे मुका झालो. त्यांची पणती चंद्री उंबऱ्यात चिंचोके खेळत होती. त्यांनी चाचपत विडा केला, तिला हाक मारली आणि म्हणाले, "दे तुह्या आबाजीले. सांग, खाऊन पाह्य म्हना."

तिने आणून दिला. मी तो तोंडात टाकला. किती वर्षांनी त्या हातचा विडा कुणीतरी खात होतं, मला ठाऊक नाही. मोठेबाबा कान देऊन माझं चावणं ऐकत होते.

मग म्हणाले, "चंद्रे, सांग त्याले. त्या ताटीच्या गाठी ढिल्याच होत्या म्हना. म्याच ढिल्या मारल्या होत्या."

चंद्रीने शब्दन् शब्द सांगितलं, काही गाळलं नाही. माझ्यापेक्षा शहाणी पोर होती. मग ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, परतीचा निरोप घ्यायला. मोठेबाबांनी मान किंचित वाकडी केली होती. चंद्री म्हणाली, "काय सांगू?"

मी म्हणालो, "सांग... पान गोड हाय म्हना."

"पान गोड हाय म्हनतात," तिने सांगितलं.

"बजारचं हाय म्हना," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आपलं असतं तं."

तोंडात विडा होता म्हणून बोलता आलं नाही, असं मी परतीच्या वाटेवर स्वतःला सांगितलं, आणि नंतरही. पावसाळ्याआधीच ते गेल्याचं कळलं. आता मधे सांगायला कुणी नाही. म्हणून जो निरोप चंद्रीजवळ द्यायचा होता तो पूर्ण, काही न गाळता, इथे देतो.

चंद्रे, सांग तुह्या पणज्याले, मळा अर्धा जगत नाई हे तुमी सांगतलं होतं, म्या पोचवलं नाई म्हना. गाठी घट्ट होत्या म्हना. म्या सोडल्या. चुकलं म्हना, मोठेबाबा.